मात्सुयामाचा थांबा आणि त्यामागची पंधरा वर्षं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा पंधरा वर्षांचा, पुण्यात गोल्फ शिकतो, हँडिकॅप, म्हणजे मैदानासाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा (‘पार’पेक्षा) साधारण किती जास्त लागतात तो आकडा, ८ पर्यंत उतरला आहे. जपानी गोल्फर हिदेकी मात्सुयामाचे व्हिडिओ बघून तोही बॅकस्विंगच्या, म्हणजे क्लब मागे वर नेण्याच्या, टोकाला क्लब थांबवायला लागला आणि तेव्हापासून त्याचे लांबचे फटके उजवीकडे पळू लागले. वडिलांना दोन गोष्टी हव्या आहेत. हा थांबा मोडून काढावा की राहू द्यावा? आणि मात्सुयामा नेमक्या कोणत्या वाटेने वर गेला, म्हणजे बारावीनंतर लगेच प्रो (व्यावसायिक खेळाडू) होण्याची घाई करावी की नाही हे ठरवता येईल.

थांब्यापासून सुरुवात करू, कारण आज नुकसान तिथे होतं आहे.

मात्सुयामाचा क्लब वर पोचला की क्षणभर गोठल्यासारखा दिसतो. टीव्हीवर आपली नजर क्लबच्या टोकावर असते, म्हणून वाटतं की सगळा माणूसच थांबला. तसं नसतं. समोरून घेतलेला त्याचा एखादा व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवा. क्लबकडे बघू नका, पट्ट्याच्या बकलाकडे आणि डाव्या गुडघ्याकडे बघा. हात वर स्थिर आहेत तेवढ्यात बकल टार्गेटच्या दिशेने सरकायला लागलेलं असतं, डावा गुडघा त्याच दिशेला जातो, वजन डाव्या पायावर उतरू लागतं. मग कंबर वळते, आणि हात सगळ्यात शेवटी, ओढून आणल्यासारखे खाली येतात. म्हणजे तो थांबा कमरेच्या वरचा आहे, खालचा नाही. खालचं अंग निघालं आणि वरचं अजून मागेच आहे, यातून जो ताण तयार होतो त्यातच त्याचा वेग आहे.

नक्कल करणारी मुलं नेमकी उलटी चूक करतात. ती पायापासून मनगटापर्यंत सगळंच थांबवतात. ताण तिथेच सैल पडतो आणि पुन्हा निघायचं म्हटलं की सर्वात आधी हलतो तो उजवा खांदा. खांदा पुढे आला की क्लब रेषेच्या बाहेरून आत कापत येतो, क्लबफेस, म्हणजे क्लबची चेंडूला लागणारी बाजू, उघडा (उजवीकडे वळलेला) राहतो आणि चेंडू उजवीकडे वळतो. छोट्या आयर्नला (जवळच्या फटक्यांच्या क्लबला) लॉफ्ट, म्हणजे फेसचा तिरपेपणा, जास्त असल्याने हे फारसं जाणवत नाही, सर्वात लांब मारणाऱ्या ड्रायव्हरला लगेच उघडं पडतं. ‘लांबचे फटके’ बिघडले असं तुम्ही लिहिलं आहे, ते याच्याशी तंतोतंत जुळतं. दुसरी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: वर थांबताना मुठीची पकड आवळली जाते. सुरुवातीला दहापैकी चारच्या जोराने धरलेला क्लब वर जाईस्तोवर आठच्या जोराने धरलेला असतो. मनगटं ताठ झाली की क्लबफेस वेळेवर बंद होत नाही.

तपासायचं कसं? फोन स्टँडवर, कमरेच्या उंचीला, मुलाच्या छातीसमोर ठेवा. स्लो मोशनमध्ये, सेकंदाला १२० किंवा २४० फ्रेमवर, सहा नंबरच्या आयर्नचे पाच फटके घ्या. क्लब वर थांबतो ती फ्रेम पकडा आणि पुढच्या फ्रेममध्ये आधी काय हलतं एवढंच बघा. बकल आधी हललं तर थांबा राहू द्या, फटके दुसऱ्या कारणाने जात आहेत, ग्रिप तपासा. हात किंवा खांदा आधी हलला तर पुढचे चार आठवडे हे करा.

आठ नंबरचं आयर्न घ्या. दोन्ही पाय जुळवून उभं राहायचं. क्लब मागे न्यायचा, आणि तो वर पोचायच्या किंचित आधी डावा पाय टार्गेटकडे टाकून मग मारायचं. क्लब अजून मागे जातो आहे आणि पाय पुढे, अशी ही दोन उलट्या दिशांची चाल आहे. पहिल्या दिवशी विचित्र वाटेल. दहा वेळा चेंडूशिवाय, मग खालच्या टीवर (चेंडू ठेवायच्या खुंटीवर) ठेवून वीस चेंडू, नेहमीच्या अंतराच्या साठ टक्के. त्यानंतर पाय नेहमीसारखे ठेवून दहा चेंडू. एका सत्रात एवढंच, आठवड्यातून तीन सत्रं. या काळात ड्रायव्हर बॅगेतून बाहेर काढायचा नाही, कारण तो हातात आला की मूल पुन्हा अंतराच्या मागे लागतं आणि खांदा पुन्हा पुढे येतो. महिन्याने पुन्हा तोच व्हिडिओ. कंबर आधी निघायला लागली की वरचा थांबा आपोआप लहान होतो किंवा राहतो, दोन्ही चालेल. थांबा शिकवायचा नसतो, मोडायचाही नसतो. क्रम बसवायचा असतो. ज्याची मुळातली लय झटपट आहे अशा मुलावर तो लादणं म्हणजे चांगली लय हातची घालवणं.

आता मोठा प्रश्न, कारकिर्दीचा.

मात्सुयामाचा जन्म २५ फेब्रुवारी १९९२ चा, शिकोकू बेटावरच्या एहिमे प्रांतातल्या मात्सुयामा शहरातला. आडनाव आणि गाव एकच. वडील स्वतः चांगले हौशी खेळाडू होते, त्यांनी चौथ्या वर्षी हातात क्लब दिला. आठवीच्या सुमारास त्याला कोची प्रांतातल्या मेइतोकू गिजुकू शाळेत पाठवलं, कारण तिथे गोल्फचं वातावरण होतं. पुढे तो सेंदाई शहरातल्या तोहोकू फुकुशी विद्यापीठात गेला. हा विद्यापीठाचा टप्पा अधोरेखित करून ठेवा.

त्याचं महत्त्व कळण्यासाठी त्याच्याच पिढीतल्या र्‍यो इशिकावाकडे बघावं लागेल. इशिकावा त्याच्यापेक्षा जेमतेम पाच महिन्यांनी मोठा. २००७ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, हौशी असतानाच तो जपान टूरची (तिथल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेची) स्पर्धा जिंकला. सोळाव्या वर्षी प्रो झाला, २००९ मध्ये जपानच्या कमाईच्या यादीत पहिला आला, २०१० मध्ये नागोयाच्या द क्राउन्स स्पर्धेत त्याने शेवटच्या दिवशी अठरा होलचा राउंड ५८ फटक्यांत खेळला. अख्खा जपान त्याच्या मागे होता. खेळाडू म्हणून तो मोठाच आहे, पण अमेरिकेच्या पीजीए टूरवर त्याला विजय मिळाला नाही. इशिकावा जपानच्या टूरवर कॅमेऱ्यांच्या गराड्यात खेळत होता, तेव्हा मात्सुयामा वसतिगृहात राहून विद्यापीठाच्या संघातून खेळत होता. घाई केली म्हणून एकाचं बिघडलं असं मी म्हणणार नाही. दोन माणसांवरून नियम निघत नाही. पण घाई न केल्याने दुसऱ्याचं काहीही अडलं नाही, हे मात्र स्पष्ट दिसतं.

त्याचं दार उघडलं ते २०१० च्या आशियाई हौशी स्पर्धेने. आज ती एशिया-पॅसिफिक ॲमेच्युअर म्हणून ओळखली जाते. २००९ मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेमागे मास्टर्सचे, म्हणजे अमेरिकेत ऑगस्टाला होणाऱ्या मेजरचे (चार सर्वात मोठ्या स्पर्धांपैकी एकीचे), आयोजकही आहेत, आणि विजेत्याला थेट ऑगस्टाचं निमंत्रण मिळतं. टोकियोजवळच्या कासुमिगासेकी कंट्री क्लबवर मात्सुयामा पाच फटक्यांनी जिंकला. वय अठरा.

मग आला ११ मार्च २०११ चा भूकंप आणि त्सुनामी. सेंदाई सर्वाधिक फटका बसलेल्या भागात होतं. मात्सुयामा त्या दिवशी सरावासाठी ऑस्ट्रेलियात होता. परत आला तेव्हा शहराची अवस्था अशी होती की महिन्याभरावर आलेल्या मास्टर्सला जावं की नाही हाच प्रश्न पडला. लोकांनी पत्रं लिहून त्याला जायला सांगितलं. गेला, आणि त्या वर्षी कट पार करणारा (पहिल्या दोन दिवसांनंतर स्पर्धेत टिकणारा) तो एकमेव हौशी खेळाडू ठरला. पारच्या एक खाली, संयुक्त २७ वा. हौशींसाठीचा रौप्य चषक घेऊन आला.

इथे कुणीही त्याला प्रो व्हायला सांगितलं असतं. तो परत विद्यापीठात गेला. २०११ मध्ये सिंगापूरला आशियाई हौशी स्पर्धा पुन्हा जिंकला, नोव्हेंबरमध्ये गोतेंबाची ताइहेइयो मास्टर्स ही जपान टूरची व्यावसायिक स्पर्धा हौशी म्हणूनच जिंकला आणि बक्षिसाची रक्कम नियमाप्रमाणे सोडली. २०१२ मध्ये जागतिक हौशी क्रमवारीत पहिला. एप्रिल २०१३ मध्ये, एकविसाव्या वर्षी, प्रो. दुसऱ्याच स्पर्धेत, त्सुरुया ओपनमध्ये, विजय. त्या मोसमात जपानमध्ये एकूण चार विजय आणि कमाईच्या यादीत पहिला क्रमांक. पदार्पणाच्याच मोसमात हे करणारा तो पहिला. त्याच उन्हाळ्यात यूएस ओपनमध्ये संयुक्त १० वा आणि ब्रिटनमधल्या ओपनमध्ये संयुक्त ६ वा. अमेरिकेत निमंत्रणावर खेळलेल्या मोजक्या स्पर्धांतली कमाईच इतकी झाली की २०१४ साठी पीजीए टूरचं कार्ड (खेळण्याचा हक्क) त्याला पात्रता फेरी न खेळता मिळालं.

बघा, प्रत्येक पायरीवर तो आधीच्या पायरीवर पूर्ण सिद्ध झाल्यावरच चढला आहे. हौशींमध्ये सलग दोनदा आशिया, मग व्यावसायिक स्पर्धा हौशी असताना, मग प्रो, मग जपानमध्ये पहिला, मग अमेरिका. ‘प्रो’ हा शब्द नावापुढे लावून त्याला काही सिद्ध करायचं उरलंच नव्हतं.

एक छोटी गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ज्युनिअर मुलांना ती रोज लागू पडते. त्या २०१३ च्या ओपनमध्ये, म्युअरफील्डला, तिसऱ्या दिवशी संथ खेळासाठी त्याला एका फटक्याचा दंड झाला होता. मोठा खेळाडू म्हणून सूट मिळत नाही. मुलाला आत्तापासून सवय लावा: आपली पाळी आल्यावर चाळीस सेकंदांच्या आत चेंडू मारलेला असला पाहिजे. अंतर आणि क्लब, दोन्ही दुसरा मारत असतानाच ठरवून ठेवायचे.

जपानमधून अमेरिकेत जाणं वाटतं तेवढं सोपं का नाही, याचं एक कारण पायाखालच्या गवतात आहे. जपानच्या पुष्कळ फेअरवेंवर (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या पट्ट्यांवर) झोयशिया जातीचं गवत असतं, तिथे त्याला नोशिबा किंवा कोराई म्हणतात. त्याची पाती ताठ असतात, चेंडू जणू ब्रशच्या केसांवर ठेवल्यासारखा वर बसतो. तिथे क्लब थोडा जमिनीलगत झाडल्यासारखा आणला तरी फटका स्वच्छ बसतो. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये चेंडू खाली बसतो. तिथे आधी चेंडू, मग माती हा क्रम चुकला की पाच-दहा यार्ड लगेच कमी. शिवाय जपानमध्ये टूरवरचा पैसा चांगला, जेवण-भाषा आपली. घर सोडायची गरजच पडत नाही. जम्बो ओझाकी यांनी जपान टूरवर ९४ स्पर्धा जिंकल्या, पण पीजीए टूरवर एकही नाही. इसाओ आओकी १९८० च्या यूएस ओपनमध्ये जॅक निकलॉसच्या मागे दुसरे आले आणि १९८३ मध्ये हवाईला १२८ यार्डांवरून थेट कपमध्ये ईगल (पारपेक्षा दोन फटके कमी) मारून पीजीए टूर जिंकणारे पहिले जपानी ठरले. त्यांच्यानंतर शिगेकी मारुयामाचे तीन विजय, र्‍युजी इमादाचा एक. मात्सुयामा अमेरिकेत उतरला तेव्हा जपानी पुरुषांची पीजीए टूरवरची पुंजी एवढीच होती.

तो तिथे टिकला तो दुसऱ्या फटक्यावर. पटिंगवर, म्हणजे चेंडू कपकडे घरंगळवण्यावर, नाही. त्याचं पटिंग बहुतेक मोसमांत टूरच्या सरासरीच्या आसपास किंवा खाली राहिलं आहे. मास्टर्स जिंकला त्या मोसमातही पटिंगच्या आकड्यांत तो बराच मागे होता. आज टूरवर कौशल्य ‘स्ट्रोक्स गेन्ड’ने मोजतात. कल्पना सोपी आहे: आठ फुटांवरून टूरचे खेळाडू साधारण निम्म्या वेळा एका पटमध्ये संपवतात, म्हणजे तिथून सरासरी दीड फटका लागतो. तेहेतीस फुटांवरून सरासरी दोन. म्हणजे ज्याचं आयर्न चेंडूला तेहेतीसऐवजी आठ फुटांवर ठेवतं, त्याने पटर हातात घेण्याआधीच अर्धा फटका कमावलेला असतो. अठरा होलमध्ये असं चार-पाच वेळा झालं की सामान्य पटिंगही पुरतं. जोडीला ग्रीन (कपभोवतीचं गुळगुळीत गवत) चुकल्यावर त्याचं चिपिंग (जवळून मारलेले छोटे फटके). या दोन गोष्टींच्या जोरावर तो उभा आहे, आणि त्याच्या सरावाचे तासही तिथेच जातात. सूर्यास्तानंतर रेंजवर (सरावाच्या पट्ट्यावर) शेवटचा उरलेला खेळाडू म्हणून टूरवर त्याची ख्यातीच आहे. तुमच्या मुलाने त्याच्याकडून उचलायचंच असेल तर हे उचलावं: रेंजवरच्या शंभर चेंडूंपैकी निदान साठ हे नऊ ते सहा नंबरच्या आयर्नचे, आणि प्रत्येक चेंडूला वेगळं टार्गेट.

पहिला पीजीए विजय जून २०१४ चा, म्युअरफील्ड व्हिलेजवरची मेमोरियल. शेवटच्या होलवर ड्रायव्हरचा फटका मनासारखा बसला नाही म्हणून त्याने क्लब जमिनीवर हलकेच आपटला, आणि ड्रायव्हरचं डोकंच निखळलं. तरीही त्या होलवर बर्डी (पारपेक्षा एक कमी) करून त्याने बरोबरी साधली, आणि केव्हिन नाविरुद्धच्या प्लेऑफमध्ये ड्रायव्हरशिवाय, थ्री-वूड या त्याहून छोट्या क्लबने पहिला फटका मारून पार वाचवत जिंकला.

२०१६ च्या फेब्रुवारीत फिनिक्स ओपन, रिकी फाउलरविरुद्ध चौथ्या प्लेऑफ होलवर. आणि त्या वर्षीच्या शरद ऋतूत जे झालं ते त्याच्या खेळाचं शिखर म्हणायला हरकत नाही: जपान ओपन विजय, मलेशियात दुसरा, शांघायच्या डब्ल्यूजीसी (जागतिक गोल्फ चॅम्पियनशिप मालिका) एचएसबीसी चॅम्पियन्समध्ये सात फटक्यांनी विजय, गोतेंबाला पुन्हा विजय, बहामात हिरो वर्ल्ड चॅलेंज विजय. पाच स्पर्धांत चार. २०१७ मध्ये फिनिक्स पुन्हा, यूएस ओपनमध्ये संयुक्त दुसरा, जागतिक क्रमवारीत दुसरा, आणि ऑगस्टमध्ये फायरस्टोनवर शेवटच्या दिवशी ६१ मारून डब्ल्यूजीसी ब्रिजस्टोन. पुढच्याच आठवड्यात क्वेल हॉलोच्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये शेवटच्या नऊ होलमध्ये तो आघाडीवर आला, आणि तिथून सलग बोगी (पारपेक्षा एक जास्त) बसून संयुक्त पाचवा राहिला. त्या दिवशी तो रडला.

त्यानंतर साडेतीन वर्षं एकही विजय नाही. २०१८ च्या फिनिक्सला डाव्या अंगठ्याजवळ दुखापत झाली आणि पहिल्या राउंडनंतर माघार घ्यावी लागली. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा अंगठा म्हणजे क्लबचा आधार: वर थांबताना क्लबचं सगळं ओझं त्याच्यावर येतं. ज्यांचा थांबा ठळक असतो त्यांनी हे लक्षात ठेवावं. मुलाला डाव्या अंगठ्याच्या बुडाशी दुखतंय असं वाटलं तर दोन दिवस मॅटवरचा सराव बंद. मॅट माती देत नाही, धक्का परत मनगटात देते.

या दुष्काळाचं कारण एकटी दुखापत नव्हती. तोवर तो जवळपास एकटाच, स्वतःच्या स्विंगचे व्हिडिओ बघून काम करत होता. २०२१ च्या सुरुवातीला त्याने हिदेनोरी मेझावांना प्रशिक्षक म्हणून बरोबर घेतलं. एकट्याने व्हिडिओ बघण्यात धोका असा की ज्या दोषाच्या शोधात आपण असतो तोच आपल्याला दिसतो, आणि एक दुरुस्त करताना दुसरा शिरतो. दुसऱ्या डोळ्याची गरज जगात दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलेल्या खेळाडूलाही भासली. पंधराच्या मुलाने यूट्यूब बघून स्वतःच स्विंग बदलू नये, यासाठी याहून वेगळा दाखला कशाला हवा?

एप्रिल २०२१, ऑगस्टा. शनिवारी पावसाच्या इशाऱ्यामुळे खेळ सव्वा तासाहून अधिक थांबला. मात्सुयामा गाडीत जाऊन बसला आणि फोनवर गेम खेळत राहिला. परत आल्यावर शेवटच्या आठ होलमध्ये सहा खाली: ११, १२, १६, १७ ला बर्डी, १५ ला ईगल. त्या दिवसाचा राउंड ६५, एकही बोगी नाही, रविवारसाठी चार फटक्यांची आघाडी.

रविवारचा १५ वा होल नीट बघण्यासारखा आहे. तेव्हा ५३० यार्डांचा पार ५. ग्रीनसमोर तळं, ग्रीन उथळ, आणि मागचा उतार थेट सोळाव्या होलच्या तळ्याकडे जातो. टीवर उभा राहिला तेव्हा आघाडी चारची. झँडर शॉफेले सलग तीन बर्डी करून त्याच्याच जोडीत खेळत होता. मात्सुयामाला २२७ यार्ड उरले होते, त्याने चार नंबरचं आयर्न काढलं. फटका चुकला नव्हता. उलट फारच स्वच्छ बसला. चेंडू ग्रीनवरून उडून मागच्या पाण्यात. दंड, चिप, दोन पट, बोगी. शॉफेलेची बर्डी. आघाडी दोन.

अशा वेळी शरीरात जो जोर येतो त्याने लांब आयर्न आठ-दहा यार्ड सहज जास्त जातं, आणि इथे मागे अजिबात जागा नव्हती. आघाडी चारची असताना ऐंशी-नव्वद यार्डांवर ले-अप करून (चेंडू पाण्याच्या अलीकडे ठेवून) वेज या छोट्या क्लबने मारणं हा हिशेब बरोबर ठरला असता, असं माझं मत आहे. पण खरी शिकवण पुढच्या टीवर आहे. सोळाव्याला शॉफेलेने चेंडू पाण्यात घातला आणि ट्रिपल बोगी घेतली. मात्सुयामाने ध्वजाकडे बघितलंच नाही. ध्वज डावीकडे, पाण्याच्या बाजूला होता. याने ग्रीनच्या उजव्या भागात, लांब, कोरड्या जागी चेंडू ठेवला. तीन पट लागले, बोगी झाली, तरी आघाडी राहिली. अठराव्यालाही तेच: दुसरा फटका बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात), तिथून बाहेर, दोन पट, बोगी. ६९, ७१, ६५, ७३, एकूण दहा खाली, विल झालाटोरिसपेक्षा एकाने पुढे. शेवटच्या चार होलमध्ये तीन बोगी घेऊन मास्टर्स जिंकता येते, जर त्या बोगी डबल होऊ दिल्या नाहीत तर.

मेजर जिंकणारा तो पहिला जपानी पुरुष. महिलांमध्ये हिसाको हिगुची १९७७ मध्ये आणि हिनाको शिबुनो २०१९ मध्ये जिंकल्या होत्या. जपानमध्ये सोमवारची सकाळ होती, टीव्हीवरच्या समालोचकांना बोलता येईना. कॅडी (बॅग सांभाळणारा साथीदार) शोता हायाफुजीने झेंडा परत कपमध्ये लावला, टोपी काढली आणि मोकळ्या फेअरवेकडे वळून कमरेत वाकून नमस्कार केला. मुलाला मात्सुयामाचा एकच व्हिडिओ दाखवायचा असेल तर हा दाखवा.

पुढचं भराभर सांगतो. टोकियो ऑलिंपिकचं गोल्फ त्याच कासुमिगासेकी क्लबवर झालं. कांस्यासाठी सात जणांचा प्लेऑफ झाला, त्यात तो पहिल्याच होलवर बाद झाला. त्याच मैदानावर पुण्याचा उदयन माने भारताकडून खेळला होता आणि ५६ वा आला. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिबाला झोझो चॅम्पियनशिप, जानेवारी २०२२ मध्ये हवाईची सोनी ओपन: प्लेऑफमध्ये मावळत्या सूर्याकडे तोंड करून २७६ यार्डांवरून थ्री-वूड, चेंडू कपपासून तीन फुटांवर, ईगल. २०२४ मध्ये रिव्हिएराला शेवटच्या दिवशी सहा फटक्यांनी मागे असताना ६२, आणि नवव्या पीजीए विजयासह के. जे. चोई यांचा आठ विजयांचा आशियाई विक्रम मागे पडला. पॅरिस ऑलिंपिकचं कांस्य, मग लंडनमध्ये कॅडी आणि प्रशिक्षकाचे पासपोर्ट चोरीला गेले म्हणून दुसऱ्या कॅडीसह खेळून मेम्फिसचा विजय. जानेवारी २०२५ मध्ये कापालुआला चार दिवसांत ३५ खाली, पीजीए टूरवरचा पारच्या तुलनेतला विक्रम.

एक प्रसंग मात्र भराभर सांगण्यासारखा नाही, कारण मुलाच्या बॅगेत तो आजही घडू शकतो. जून २०२२, मेमोरियल, तीच जागा जिथे तो पहिल्यांदा जिंकला होता. थ्री-वूडच्या फेसवर चेंडू नीट लावता यावा म्हणून पांढरा रंग लावलेला होता. खाचांमध्ये बारीक रेघ रंगवलेली चालते. हा थर खाचांच्या बाहेर, फेसवर पसरलेला होता, आणि चेंडूच्या वर्तनावर परिणाम करू शकेल असा पदार्थ फेसवर लावलेला क्लब वापरला की शिक्षा दंडाची नाही, थेट बाद होण्याची आहे. पहिल्या होलवर तो क्लब वापरला गेला होता. नऊ होल झाल्यावर त्याला मैदान सोडावं लागलं. क्लब बॅगेत नुसता असता, फटका मारला नसता, तर बाद व्हावं लागलं नसतं. तेव्हा स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी चौदाही क्लब मोजा आणि प्रत्येकाचा फेस ओल्या फडक्याने पुसून बघा. चिकटपट्टीचा गोंद, मार्करची शाई, सरावात इम्पॅक्ट बघायला मारलेला पावडर स्प्रे, जे असेल ते निघालं पाहिजे.

आता तुमच्या मुलाचं. हँडिकॅप ८ ला प्रो हा विषयच नाही, आणि यात निराश होण्यासारखं काही नाही. आधी दोन-अडीच वर्षांत स्क्रॅचपर्यंत (हँडिकॅप शून्यापर्यंत) यायचं. इंडियन गोल्फ युनियनच्या ज्युनिअर आणि मग हौशी स्पर्धा खेळत राहायचं, म्हणजे जागतिक हौशी क्रमवारीत नाव लागतं. एशिया-पॅसिफिक ॲमेच्युअरसाठी देशातले खेळाडू त्याच क्रमवारीवरून निवडले जातात, आणि मात्सुयामा ज्या दारातून गेला ते दार भारतीय मुलांनाही तितकंच उघडं आहे. प्रो झालात की ते बंद होतं. हौशी दर्जा परत मिळवता येतो, पण अर्ज करून आणि थांबून. म्हणून बारावीनंतर कॉलेज आणि हौशी स्पर्धा एकत्र चालू ठेवा. देशातल्या मोठ्या हौशी स्पर्धांत तो नियमितपणे पहिल्या पाचात येऊ लागला, आणि अवघड मैदानांवरही पारच्या खाली खेळू लागला, की प्रो होण्याची गोष्ट काढा.

पहिला व्हिडिओ या रविवारी घ्या. सहा नंबरचं आयर्न, पाच चेंडू, कॅमेरा छातीसमोर, आणि नजर बकलावर.